तात्यांचा अंगठा

मार्केट यार्ड, गुलटेकडी
२ फेब्रुवारी २०२५

आत्या,

तुला फोनवर ऐकू येत नाही हे या वेळी बरंच झालं. हे तोंडानं मला सांगताच आलं नसतं.

घर सोडून मला एकवीस दिवस झाले. फुलबाजारात श्यामसुंदर शेठच्या गाळ्यावर आहे. आपल्या देवळाला वीस वर्षं फुलं त्यांच्याकडूनच येतात, त्यामुळे ओळख होती. पिशवी घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा त्यांनी एक शब्द विचारला नाही. वर माळा आहे तो दाखवला आणि म्हणाले, "गुरव, सकाळी गाड्या लवकर येतात." शेवंतीच्या पाट्या उतरवतो, निवडतो, वजन करून देतो. पत्ता तनुजाला देऊ नकोस. ती न्यायला आली तर मला नाही म्हणता येणार नाही, आणि घरी गेलो की गाभाऱ्यात जावं लागेल.

तेच सांगायला लिहितोय. मी देव सोडला.

वाक्य लिहून बघितलं, मोठं वाटलं. प्रत्यक्षात फार लहान लहान गोष्टी आहेत. पहाटे साडेचारला डोळे उघडतात आणि हात तांब्या शोधतात. सोळाव्या वर्षापासून वीस वर्षं नाथाला अंघोळ घातली, शेंदूर लावला. आता ती वेळ आली की मी माळ्यावर नुसता बसून राहतो, हातांचं काय करायचं कळत नाही. परवा पायावर पाटी पडली आणि तोंडातून "नाथा" निघालं. आधी शरम वाटली, मग रडूच आलं. शेठना वाटलं पाय मोडला.

तू मास्तरीण, चार पुस्तकं वाचलेली, म्हणून विचारतो. हे सोडलेली माणसं जगतात कशी? अवघड वेळी ती कुणाला हाक मारतात? मला इथं विचारायला कुणी नाही. सगळ्या गाळ्यांवर सकाळी उदबत्ती लागते आणि मी तेवढ्या वेळापुरता बाहेर जाऊन उभा राहतो.

संतोषची मुलगी आनंदी गेली हे तुला कळलं असेलच.

तुझा
बजरंग


॥ श्री ॥

लोणी काळभोर
८ फेब्रुवारी २०२५

चि. बजरंग यास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. शुद्धलेखन बरं आहे. अक्षर मात्र बापाच्या, तात्यारावाच्या वळणावर गेलंय, म्हणजे वाचताना माझे डोळे गेले. पत्राच्या माथ्यावर 'श्री' दिसला नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं मी मुलांच्या पत्रलेखनाचा त्यासाठी एक गुण कापत आले. तुझाही कापला आहे.

आता मुद्द्याचं. देव सोडलास ते सोडलास. बायको का सोडलीस? तनुजा गेल्या रविवारी येऊन गेली. दोन तास बसली. मला ऐकू येत नाही हे तिला माहीत आहे, म्हणून पाटीवर लिहून विचारत होती, "माझं काय चुकलं?" मी काय सांगणार? गाभाऱ्यात तीच दिवा लावते. गावात सांगते की तू कामासाठी शहरात गेलास. गाव तिच्या तोंडावर मान डोलावतं आणि मागं काय बोलतं ते तुला माहीत आहे.

माणसाला देवाचा कंटाळा येऊ शकतो, मला समजतं. रोज तेच तेल, तोच शेंदूर, तेच नवस करणारे. पण कंटाळा आला की लोक चार दिवस गावाला जातात, माळ्यावर राहायला जात नाहीत. मला वाटतं तुमचं दोघांचं काहीतरी बिनसलंय आणि तू ते नाथाच्या नावावर खपवतोस.

त्या पोरीचं कळलं. फार वाईट झालं. अकरा म्हणजे काय वय आहे! पण आतड्याचा आजार होता असं तनुजानं लिहिलं. त्यात तुझा काय संबंध? खरं काय ते लिही. पत्ता मी कुणाला देणार नाही.

आत्या


मार्केट यार्ड
१४ फेब्रुवारी २०२५

आत्या,

आतड्याचा आजार होता, बरोबर. माझा काय संबंध ते आता सांगतो. तनुजाला यातलं निम्मं माहीत नाही, तिचं काहीही चुकलेलं नाही.

डिसेंबरची अठ्ठावीस तारीख, शनिवार. आनंदीच्या पोटात आदल्या दिवसापासून दुखत होतं. हडपसरला डॉक्टरनं सांगितलं, आजच ऑपरेशन. घरी येऊन पैसे घेतले आणि संतोषनं तिला पुन्हा गाडीत घातलं होतं. पण त्याचे वडील हिंदुराव आडवे आले. सोमवारी अमावास्या, अमावास्येच्या तोंडावर पोरीच्या अंगाला सुरी लावायची म्हणजे नाथाला विचारल्याशिवाय नाही. त्यांच्या घरात बोअरसुद्धा कौल लावल्याशिवाय घेत नाहीत. गाडी देवळाकडं वळली.

ती गाडीतच होती, आत्या. मागच्या सीटवर आईच्या मांडीवर. मी बघितलं तिला. घंटेला हात पुरत नाही म्हणून उडी मारून वाजवायची ती पोर, तिला मान वर करवत नव्हती.

मी अंघोळ केली. ओल्यानं गाभाऱ्यात गेलो. हिंदुरावांनी विचारलं, "आज न्यायची का अमावास्या उलटू द्यायची?" शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून नाथाच्या दोन खांद्यांवर लावल्या. उजवी पडली तर आज न्यायची, डावी पडली तर थांबायचं. वीस वर्षांत कौल लावताना मी जेवढा खरा असतो त्याच्यापेक्षा त्या दिवशी जास्त होतो. दोन्ही पाकळ्या एकसारख्या दाबल्या, डोळे मिटले आणि म्हणालो, नाथा, पोर तुझ्या ओटीत आहे, तूच सांग.

तासभर काही झालं नाही. संतोष माझ्या शेजारी उभा राहून त्या दोन पाकळ्यांकडं टक लावून बघत होता. मग डावी पडली.

सोमवारी पहाटे तिचं आतडं फुटलं. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

पण मी त्यामुळं घर सोडलं नाही. दहावा झाल्यावर संतोष देवळात आला. मला वाटलं आता हा माझा गळा धरणार. मी तयार होतो, खरं सांगतो, मला ते हवंच होतं. तो खाली वाकला आणि माझ्या पाया पडला. म्हणाला, "नाथानं सांगितलं तेच आपुन केलं. तिचं तेवढंच व्हतं. तू मनाला लावून घिऊ नगंस." अख्ख्या गावात एका माणसानं मला जाब विचारला नाही. हिंदुराव दर सोमवारी नारळ वाढवतात. संतोषची आई मालनबाई म्हणतात, नाथानं पोरीला आपल्याजवळ बोलावलं. कुणालाच राग नाही. मग तो सगळा राग मी एकट्यानं कुठं ठेवायचा?

देव असेल तर त्यानं माझ्या हातानं ती पोर मारली. नसेल तर मी दोन ओल्या पाकळ्यांना विचारून मारली. या दोन्हींतलं तू मला कुठलं घ्यायला सांगशील?

मला तात्यांची आठवण येते. शेवटचे चार महिने त्यांची वाचा गेली होती. मी जवळ बसलो की वाटीतल्या पाण्यात बोट बुडवायचे आणि माझ्या तळहातावर अंगठा दाबायचे. पुन्हा पुन्हा. मी समजायचो त्यांना तीर्थ हवंय. तोंडात घालायचो, तर डोळ्यांतून पाणी काढायचे. केवढी भक्ती, मी सगळ्यांना सांगायचो. आता वाटतं, एवढ्या भक्तीच्या माणसाच्या पोटी मी जन्मलो आणि त्यांचा देव माझ्या हातात मेला.

बजरंग


मार्केट यार्ड
३ मार्च २०२५

आत्या,

सतरा दिवस झाले, तुझं पत्र नाही. पोस्टमन गाळ्यावरून पुढं जातो तेव्हा शेठसुद्धा माझ्याकडं बघतात.

तुला माझी किळस आली असेल तर ते बरोबर आहे. निदान तसं लिही.

काल दुपारी कालव्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. हेच पाणी पुढं हडपसरवरून तुझ्या लोणीला जातं. मी बराच वेळ उभा होतो. काय करायला गेलो होतो ते लिहीत नाही, तुला कळेल. तिथं उभं राहून सवयीनं हात जोडले गेले, आणि समोर कुणी नाही हे लक्षात आल्यावर इतकं एकटं वाटलं की पाय उचलेनात. पुढंही नाही आणि मागंही नाही. शेवटी शेठचा हमाल बोलवायला आला.

मला आता कुणाकडं काही मागता येत नाही. मागायची सवय तेवढी राहिली आहे.

बजरंग


लोणी काळभोर
५ मार्च, सकाळी

बजरंग,

हे पत्र पोस्टानं पाठवत नाही. शेजारच्या विश्वजीतची मेथीची गाडी आत्ता यार्डात निघाली आहे, त्याच्याबरोबर देते. उत्तर हातात पडल्याशिवाय परत यायचं नाही, असं त्याला बजावलंय. मेथी सुकली तरी चालेल.

आधी हे ऐक. कालव्याकडं पुन्हा जायचं नाही. श्यामसुंदर शेठना जे वाटलं ते आजच्या आज सांग, मोघम नको. एकटा झोपू नकोस. त्यांच्या घरी झोप, नाहीतर या गाडीत बसून इकडं ये. हे मी विनवणीनं लिहिते आहे, हुकमानं नाही. मला दुसरा भाचा नाही.

आता मी का लिहिलं नाही ते. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. किळस तुझी आली नाही, माझी आली. तुला एक गोष्ट सांगायची राहिली होती आणि ती सांगितली असती तर ती पोर आज शाळेत असती. हे वाक्य लिहायला मला सतरा दिवस लागले.

तात्याराव कौल लावत नव्हता. तो कौल देत होता.

मी पंधरा वर्षांची असताना आमच्या आप्पांनी माझं लग्न ठरवायला घेतलं. मला शिकायचं होतं. आप्पा म्हणाले, नाथाला विचारू. तात्याराव तेव्हा विशीतला, नुकताच गाभाऱ्यात उभा राहायला लागलेला. मी खांबाला धरून उभी होते, समोरून सगळं दिसत होतं. त्यानं 'लग्न करायचं' ती पाकळी अंगठ्यानं दाबून दाबून बसवली. 'शिकू द्यायचं' ती नुसती टेकवली. वळताना माझ्याकडं बघून त्यानं डोळे मिचकावले. मिनिटभरात टेकवलेली पडली. आप्पांनी नाथाला दंडवत घातलं आणि मला शाळेत ठेवलं.

माझी नोकरी, माझं पेन्शन, ही लोणीतली दोन खोल्यांची जागा, सगळं त्या अंगठ्याचं आहे. त्या दिवशी माझा देव गेला. मला त्याचं दुःख झालं नाही, कारण त्याच क्षणी मला भाऊ मिळाला होता. तू विचारलंस ना, ही माणसं कुणाला हाक मारतात? मी दादाला मारायचे.

पुढं चाळीस वर्षं तो हेच करत राहिला. कुणी विचारलं दवाखान्यात न्यायचं का, की दाबली डावी, टेकवली उजवी. पोरीला शिकवायची का, विहिरीच्या भांडणात कोर्टात जायचं का, दारू सोडायची का. लोक शहाणपणाचं ऐकत नाहीत, देवाचं ऐकतात, म्हणायचा. मी त्याला लबाड म्हणायचे. तो म्हणायचा, "लबाड हाय, पर कुणाचं वाईट केलं न्हाय."

तुला सांगायचं तो म्हणत होता. मीच थांबवलं. तू सोळा वर्षांचा, नाथासमोर उभा राहिलास की तुझ्या चेहऱ्यावर काहीतरी उजळायचं. मला ते कधी मिळालं नव्हतं. मी म्हटलं, दादा, हे मोडू नकोस, वेळ आली की सांगू. वेळ आली तेव्हा त्याची वाचा गेली होती.

तळहातावर तो तीर्थ मागत नव्हता, बजरंग. तो तुला शिकवत होता. पाणी, आणि मग अंगठा. तू ते मला तेव्हाच सांगितलं होतंस, हौसेनं. मला समजलं होतं. मी गप्प राहिले. त्यानंतर तीन वर्षं मिळाली, तरीही गप्प राहिले.

तू विचारलंस दोन्हींतलं कुठलं घ्यायचं. दोन्ही बाजूला ठेव. तिसरं घे, ते माझं आहे.

विजयमाला


(गाळ्याच्या पावतीच्या मागं)

५ मार्च

आत्या,

जिवंत आहे. विश्वजीतच्या समोर लिहितोय. शेठना सांगितलं, आज त्यांच्या घरी झोपेन.

तुम्ही दोघांनी मला देव दिला आणि अंगठा स्वतःजवळ ठेवलात. भोळा म्हणून कौतुक केलंत. माझ्या चेहऱ्यावर काय उजळत होतं ते बघायला तुला आवडत होतं म्हणून एक पोर गेली.

आता लिहू नकोस.

बजरंग


लोणी काळभोर
२४ मार्च २०२५

बजरंग,

लिहू नकोस म्हणालास, तरी लिहिते. उत्तर देऊ नकोस, फाडलंस तरी चालेल, पण आधी वाच. माथ्यावर मागच्या वेळी घाईत राहिलं, यावेळी मुद्दाम काही लिहिलं नाही. इतकी वर्षं नुसती सवय होती. स्वतःचाही गुण कापला.

तुझा राग मला पोचला. तो पुरेसा नाही, आणखी असेल तर पाठव. तू म्हणाला होतास, गावात कुणाला राग नाही, सगळा राग एकट्यानं कुठं ठेवायचा. माझ्याकडं ठेव. जागा आहे.

श्यामसुंदर शेठ परवा इथं आले होते. तू त्यांच्या घरी झोपतोस, जेवतोस, फुलं निवडताना अजून पहाटे अडखळतोस, एवढं त्यांनी कागदावर लिहून दाखवलं. अक्षर अतिशय वाईट, माणूस सोन्यासारखा. खाली आणखी लिहिलं, त्यांचा थोरला भाऊ सगळं सोडून असाच एका सकाळी निघून गेला होता, त्याला कुणी माळा दिला नाही. म्हणून तुला विचारलं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तनुजा आली होती. मालनबाईंच्या छातीत गाठ निघाली आहे. डॉक्टर म्हणतात लवकर काढली तर बाई वाचेल. त्या तयार नाहीत. नाथाला विचारल्याशिवाय नाही, आणि कौल तात्यारावाच्या पोराच्याच हातानं. दुसऱ्या कुणाच्या हातचा मानायला तयार नाहीत. संतोष डोकं आपटून थकला. नातीच्या वेळी नाथाचं ऐकलं, आता माझ्या जिवासाठी मोडू का, असं म्हणतात त्या. महिना झाला, बाई तुझी वाट बघत बसली आहे.

मी तुला जा म्हणत नाही. माझा तो अधिकार गेला. मी एकदा गप्प राहून एक जीव घालवला, म्हणून या वेळी कळवते आहे, इतकंच.

तू देव मानत नाहीस. मीही मानत नाही. तात्यारावही मानत नव्हता, आणि त्या गाभाऱ्यात चाळीस वर्षं उभा राहिला. तो कसा राहिला असेल, हे मी त्याला कधी विचारलं नाही. त्यालाही कुणी नव्हतं, बजरंग. मी होते, पण मी त्याला नुसती लबाड म्हणून हसत होते.

विजयमाला


आनंदी

दवाखाना, हडपसर
९ एप्रिल २०२५

आत्या,

माथ्यावर काहीतरी लिहिल्याशिवाय हात पुढं सरकेना. म्हणून तिचं नाव लिहिलं.

तुझं पत्र पाच दिवस खिशात घेऊन फिरलो. तुझ्यावरचा राग गेलेला नाही. पण शेठच्या घरी जेवताना एकदा लक्षात आलं की मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडतोय, तास तास. पूर्वी असं नाथाशी बोलायचो. तू निदान उत्तर देतेस.

पाडव्यानंतरच्या गुरुवारी गावात गेलो. तनुजा दारात होती. मी तिला सगळं सांगितलं, अंगठ्याचंसुद्धा. ती देव मानते, तुला माहीत आहे. बराच वेळ तिनं चुलीकडं तोंड करून भांडी घासली. मग म्हणाली, "तुमाला मानायचा न्हाय तर नका मानू. दिवा मी लावीन. पर जेवायला घरी या." एवढंच. मी तीन महिने ज्याला घाबरून पळत होतो ते एवढंच होतं.

कौल शुक्रवारी लावला. गाभाऱ्यात पाय ठेवताना वाटलं होतं काहीतरी होईल, भीती वाटेल, नाहीतर आतून काहीतरी परत येईल. काही आलं नाही. शेंदूर फासलेला दगड होता, त्याला मी वीस वर्षं अंघोळ घातली होती. त्याची दया आली, खरं सांगतो. त्याच्याकडूनही लोकांनी काय काय मागितलं!

मालनबाईंना दोघींनी धरून आणलं होतं. हिंदुराव हात जोडून उभे होते. आणि संतोष माझ्या शेजारी, डिसेंबरात उभा होता तिथंच, दीड हातावर. मला वाटलं होतं तो मागं उभा राहील. तो बरोबर तिथं आला.

मालनबाईंनी विचारलं, "नाथा, जाऊ का न्हाय?"

दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या. या वेळी डोळे मिटले नाहीत. डावी अंगठ्यानं दाबली, पुन्हा दाबली, कडा बसवल्या. उजवी नुसती टेकवली. अंगठा लपवता आला असता, तात्या पाठ वळवून लपवत असणार. मी लपवला नाही. संतोष बघत होता. त्यानं डिसेंबरात तासभर त्या दोन पाकळ्यांशिवाय दुसरं काही बघितलेलं नव्हतं. मी कशा दाबल्या होत्या ते त्याच्याइतकं जगात कुणाला माहीत नाही.

उजवी पडली. लोक ओरडले, "नाथाच्या नावानं चांगभलं!" हिंदुराव रडायला लागले. मालनबाई म्हणाल्या, "चला, काढा गाडी." संतोषनं आईला उचललं आणि गाडीत नेऊन बसवलं.

मी त्याच दिवशी पंचांना सांगितलं की यापुढं कौल लावणार नाही. कारण विचारलं, मी सांगितलं नाही. तेवढं धैर्य अजून नाही. तात्यांना लबाड म्हणवत नाही आणि साधूही म्हणवत नाही. त्यांचं काय करायचं ते तू आणि मी मिळून ठरवू.

सोमवारी ऑपरेशन झालं. गाठ निघाली, बाई बऱ्या आहेत.

काल दुपारी मी देवळाच्या पायरीवर बसलो होतो. संतोष दवाखान्यातून सरळ तिथं आला. समोर उभा राहिला. मग खाली बसला आणि माझा उजवा हात ओढून घेतला. अंगठा सरळ करून बराच वेळ बघत राहिला.

"ह्यो अंगठा डिसेंबरात कुठं व्हता?"

आत्या, त्यानं विचारलं. कुणीतरी एकदाचं विचारलं.

मी म्हणालो, "तवा माझा नाथावर इश्वास व्हता."

त्यानं माझ्या थोबाडीत मारली. इतक्या जोरात की मी पायरीवरून घसरलो. दुसरी मारायला हात उचलला, तो तसाच माझ्या खांद्यावर आला, आणि तो रडायला लागला. मोठ्यानं, गुरासारखा. मला धरून रडला. "मी तिला गाडीत घातली व्हती रं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. मीही रडलो. आत देव होता, बाहेर आम्ही दोघं होतो, आणि कुणी कुणाला नाथाची मर्जी म्हणून समजावलं नाही. त्याची बायको नंतर म्हणाली, पोर गेल्यापासून तो रडला नव्हता.

माफ केलं असं तो म्हणाला नाही. म्हणणारही नाही बहुतेक. उठताना डोळे पुसत म्हणाला, "उद्या आईचा डबा तू घिऊन ये. माझ्यानं येकट्यानं हुईना."

तनुजानं सकाळी भाकरी, मुगाची आमटी दिली. ते घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसलोय आणि तुला लिहितोय. रविवारी तुझ्याकडं येतो, भांडायला. पाटी-पेन्सिल काढून ठेव.

गाल अजून दुखतोय. संतोष आतून हाक मारतोय, डबा गार होईल. जातो.

बजरंग